पत्ता मिळेपर्यंत

जर्मनीतल्या स्टुटगार्टमध्ये दर ऑक्टोबरात मराठी मुलामुलींची नवी तुकडी उतरते. विद्यापीठाने त्यांना घेतलेलं असतं, शहराने अजून घेतलेलं नसतं. मधल्या आठवड्यांची ही हकिगत.

सप्टेंबर संपत आला की मुंबईहून फ्रँकफुर्ट आणि म्युनिकला जाणाऱ्या रात्रीच्या विमानांत बावीस ते सव्वीस वयाची गर्दी वाढते. अंगात मुंबईच्या उकाड्यात न सोसणारं जाड जॅकेट, कारण ते बॅगेत घातलं तर वजन वाढतं. छातीशी प्लास्टिकची फाइल. तिच्यात पदवीच्या गुणपत्रिका, एपीएसचं प्रमाणपत्र, प्रवेशपत्र, विम्याचा कागद आणि या सगळ्याच्या तीन-तीन झेरॉक्स. बॅगांमध्ये प्रेशर कुकर, भाजणी, मेतकूट, गोडा मसाला आणि टॉवेलात गुंडाळलेली लोणच्याची बरणी. काहींच्या आईने साजूक तुपाचा डबा आणि पेढेही भरलेले असतात. युरोपीय संघाबाहेरून दुधाचे पदार्थ सोबत आणायला प्रवाशांना बंदी आहे, हे घरात कोणाच्या गावीही नसतं. तपासणीत सापडलं तर पेढे आणि तूप दोन्ही विमानतळावरच राहतात.

ही गर्दी गेल्या काही वर्षांत फार वाढली. जर्मनीतल्या परदेशी विद्यार्थ्यांमध्ये बरीच वर्षं चिनी मुलं सर्वांत जास्त असायची. २०२२-२३ च्या हिवाळी सत्रात भारतीयांनी त्यांना मागे टाकलं. २०२३-२४ मध्ये भारतीय विद्यार्थी ४९ हजारांवर गेले आणि पुढच्या वर्षी ५९ हजारांच्या आसपास पोचले. अमेरिका महाग झाली, ब्रिटन आणि कॅनडाने नियम आवळले, तसा मध्यमवर्गीय घरांचा मोहरा जर्मनीकडे वळला. पुण्यात तर जर्मन शिकणं हा जुनाच रिवाज आहे. रानडे इन्स्टिट्यूट आणि बोट क्लब रोडवरचं मॅक्समुल्लर भवन यांचे वर्ग आईवडिलांच्या पिढीलाही ठाऊक होते.

या लेखासाठी मी स्टुटगार्ट निवडलं, कारण महाराष्ट्राशी त्याचे धागे वरवरचे नाहीत. १९६८ पासून ते मुंबईचं भगिनी-शहर आहे. रॉबर्ट बॉशने १८८६ मध्ये आपलं छोटं वर्कशॉप इथेच काढलं. नाशिकमध्ये आजही लोक ज्याला ‘मायको’ म्हणतात तो सातपूरचा कारखाना त्याच बॉशचा, आणि मायको सर्कल हा त्याच नावाचा चौक. चाकणला मोटारी जोडणारी मर्सिडीज इथलीच. २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने बाडेन-वुर्टेमबर्ग या राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला. त्या राज्याची राजधानी स्टुटगार्ट. नाशिकहून आलेल्या एका मुलीचे वडील बॉशमधून निवृत्त झालेले होते. त्यांच्या ओळखपत्रावरचं बोधचिन्ह तिला इथल्या इमारतींवर दिसलं, तेव्हा तिला घरचं माणूस भेटल्यासारखं वाटलं. तिची खोलीची शोधाशोध मात्र त्याने तसूभरही सोपी झाली नाही.

मुलांची नावं मी लिहिलेली नाहीत. गावावरून ओळख पुरेशी आहे, कारण सांगायच्या गोष्टी जवळपास सगळ्यांच्या सारख्याच आहेत.

कागदाला कागद

जर्मनीत शिकायला येणाऱ्या भारतीय मुलाची तयारी वर्षभर आधी सुरू होते. नोव्हेंबर २०२२ पासून व्हिसासाठी एपीएस प्रमाणपत्र सक्तीचं आहे. दिल्लीतल्या जर्मन दूतावासाशी जोडलेली ही यंत्रणा पदवी खरी आहे का ते तपासते. मग बंद खातं, मुलांच्या भाषेत ‘ब्लॉक्ड अकाउंट’. वर्षाच्या खर्चाचे ११,९०४ युरो, म्हणजे बारा लाख रुपयांच्या आसपास, आधीच भरून दाखवायचे. जर्मनीत पोचल्यावर त्यातून दर महिन्याला ९९२ युरो हातात येतात.

‘जर्मनीत शिक्षण फुकट’ ही जाहिरात महाराष्ट्रातल्या प्रत्येक शहरात दिसते. बहुतेक सरकारी विद्यापीठांपुरती ती खरीही आहे. पण २०१७-१८ पासून बाडेन-वुर्टेमबर्ग युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांकडून सत्राला १,५०० युरो फी घेतं. लातूरच्या एका घराला हे प्रवेशपत्र वाचताना कळलं, तोवर कर्जाची रक्कम मंजूर होऊन बसली होती. मग वहीत हिशेब मांडला गेला. फी महिन्यांत वाटली तर अडीचशे. विद्यार्थ्यांचा आरोग्यविमा दीडशेच्या आसपास. खोलीचे साडेचारशे धरले तर ९९२ मधून उरले दीडशेहूनही कमी. त्यात जेवण, प्रवास, फोन आणि हिवाळ्याचे बूट.

पैसा असला तरी तो लगेच हातात पडत नाही. बंद खात्यातले पैसे सुटायला जर्मनीत चालू खातं लागतं. बहुतेक बँका खात्यासाठी शहरात नाव नोंदवल्याचा दाखला मागतात. या नोंदणीला जर्मन लोक ‘आनमेल्डुंग’ म्हणतात आणि राहायला आल्यापासून दोन आठवड्यांत ती करावी असा कायदा आहे. नोंदणीसाठी घरमालकाची सही असलेला कागद लागतो. घरमालकाला भाडेकरूच्या उत्पन्नाचा किंवा बँकेतल्या पैशांचा पुरावा हवा असतो. विद्यापीठात नाव पक्कं होण्याआधी विमा हवा, तोही विमा कंपनीने विद्यापीठाला परस्पर कळवलेला. पार्टटाइम कामाला करक्रमांक लागतो. तो टपालाने येतो, नोंदवलेल्या पत्त्यावर. निवास परवान्यालाही पत्ता लागतोच. कुठूनही सुरुवात करा, वाट पत्त्यापाशी येते.

अलीकडे काही ऑनलाइन कंपन्या बंद खात्यासोबत चालू खातंही देतात, त्यामुळे एक गाठ सुटते. बाकीच्या राहतात. ‘टेर्मीन’, म्हणजे ठरवून घेतलेली वेळ, मिळाल्याशिवाय सहसा कोणतंही कार्यालय आत घेत नाही. जर्मनीतल्या मोठ्या शहरांत परदेशी नागरिकांच्या कार्यालयाची वेळ मिळायला आठवडे, कधी महिने लागतात. मुलं पहाटे गजर लावून संकेतस्थळ उघडतात, कारण कोणी रद्द केलेल्या वेळा तेव्हा दिसतात असा त्यांचा अनुभव.

नोंदणीच्या अर्जात धर्माचाही रकाना असतो. हिंदू, बौद्ध किंवा मुस्लिम मुलाने त्यात आपला धर्म लिहिला किंवा तो रिकामा ठेवला तरी खिशाला झळ लागत नाही. वसईच्या एका मुलाने मात्र सरळ ‘कॅथलिक’ लिहिलं. इथे कॅथलिक आणि प्रोटेस्टंट चर्चसाठी सरकार आयकरासोबत चर्चकर वसूल करतं, या राज्यात आयकराच्या आठ टक्के. विद्यार्थी असेपर्यंत त्याला फरक पडणार नाही, पहिल्या नोकरीच्या पगारपत्रकावर पडेल. घरी विचारल्यावर आजी म्हणाली, लिहिलंस ते बरोबरच केलंस.

खोली

स्टुटगार्टचा मध्यभाग खोल दरीत आहे. चहूकडे टेकड्या, उतारांवर द्राक्षमळे, आणि वस्त्यांना जोडणारे चारशेहून जास्त दगडी जिने. दरीत जागा मर्यादित, मोटार कंपन्यांचे पगार मोठे. भाडी त्यामुळेच चढलेली. विद्यार्थी वसतिगृहातली खोली मिळाली तर तीनशे-चारशेत भागतं, पण तिथल्या प्रतीक्षायादीवर मुलं प्रवेशपत्र येण्याआधीपासून नाव लावतात आणि तरी पहिल्या सत्रात अनेकांचा नंबर लागत नाही. काही जणांनी मिळून घेतलेल्या खासगी फ्लॅटला इथे ‘वेगे’ म्हणतात; तिथली एक खोली पाचशे-सहाशेला जाते. त्यातही भाडं थंड की गरम हे विचारावं लागतं. थंड म्हणजे नुसती जागा, गरम म्हणजे हीटिंग आणि इतर खर्च धरून.

वेगेत खोली मिळवणं म्हणजे मुलाखत देणं. तिथे राहणारे दोघे-तिघे जर्मन विद्यार्थी संध्याकाळी बोलावतात, चहा देतात आणि गप्पा मारत माणूस जोखतात. स्वयंपाक एकत्र करशील का, पार्ट्या आवडतात का, वीकेंडला काय करतोस. मराठी मुलांना या मुलाखतीत काय कमी पडतं, ते पुढे गेलेलेच सांगतात. ही मुलं आपली टक्केवारी सांगतात, शांत स्वभाव सांगतात, भाडं वेळेवर देईन म्हणतात. समोरच्याला हवा असतो सोबत राहण्यात मजा येईल असा माणूस. सांगलीचा एक मुलगा लागोपाठ नकार पचवत होता. एका घरात त्याने तबला वाजवतो असं सहज सांगितलं आणि तिथे त्याला खोली मिळाली.

नवख्यांना हेरणारेही असतात. फोटोत स्वच्छ पांढरी खोली, भाडं बाजाराच्या निम्मं, आणि मालक नेमका परदेशात. अनामत पाठवा, किल्ली कुरियरने येईल. किल्ली येत नाही. कायद्याने अनामत थंड भाड्याच्या तीन महिन्यांपेक्षा जास्त घेता येत नाही आणि घर पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत, हे निघण्याआधी पुण्यातल्या मार्गदर्शन शिबिरात सांगितलेलंही असतं. पण विमानाचं तिकीट निघालेलं असतं आणि खोली नसते. अशा वेळी शहाण्या घरातलीही माणसं पैसे पाठवतात.

मधल्या काळात मुलं कुठे राहतात? युवा हॉस्टेलच्या आठ खाटांच्या खोलीत. दूरच्या गावात, जिथून येण्याजाण्यात दिवसाचे तीन तास जातात. आणि बहुतेक जण वर्षभर आधी आलेल्या कोणाच्या तरी खोलीत, जमिनीवर गादी टाकून. तिथे झोपायला जागा मिळते, पण पत्ता मिळतोच असं नाही. वसतिगृहाचा नियम पाहुण्याला फार दिवस राहू देत नाही आणि मालकाच्या सहीशिवाय नोंदणी होत नाही.

खोली मिळाल्यावर पहिलं काम टपालपेटीवर नाव लावायचं. जर्मनीत इमारतीला क्रमांक असतो, फ्लॅटला सहसा नसतो. पोस्टमन नाव बघून पत्र टाकतो. पेटीवर नाव नसेल तर बँकेचा पिन, विम्याचं कार्ड, करक्रमांक सगळं परत जातं. कोथरूडच्या एका मुलीने कागदाच्या चिठ्ठीवर आडनाव लिहून चिकटवलं, पावसाने शाई उतरली आणि बँकेचं पाकीट माघारी गेलं. नवं यायला पंधरवडा लागला, तोवर ती सोबत आणलेल्या नोटांवर जगली.

नाव लागल्यावर पहिलं न मागितलेलं पत्र बहुधा रेडिओ-टीव्ही शुल्काचं असतं. दर घरामागे महिन्याला १८ युरो ३६ सेंट, टीव्ही असो वा नसो. नवीन मूल घाबरून शोधाशोध करतं की ही फसवणूक तर नव्हे. फसवणूक नसते. पण फ्लॅटमधला एकजण भरत असेल तर बाकीच्यांना भरावं लागत नाही, एवढं कळवावं लागतं.

जिना, कचरा, रविवार

या भागातले लोक श्वाबियन. काटकसर आणि टापटीप यांबद्दल जर्मनीतच त्यांच्यावर विनोद होतात. त्यांची खास प्रथा म्हणजे ‘केअरवोखे’, झाडू मारायचा आठवडा. दारावर लाकडी किंवा पुठ्ठ्याची पाटी अडकवलेली दिसली की त्या आठवड्यात जिना, तळघराची वाट आणि समोरचा फुटपाथ झाडायची पाळी तुमची. शनिवारी संध्याकाळी पाटी शेजाऱ्याच्या दारावर. प्रथेची मुळं पंधराव्या शतकातल्या नगरनियमांपर्यंत नेली जातात. नव्या मुलांना वाटतं, जिना तर स्वच्छच आहे, झाडायचं काय. शेजारच्या आजींना मात्र झाडताना कोणीतरी दिसलेलं हवं असतं. एका मराठी मुलाने पाळी मनापासून केली, वर फरशी पुसून काढली. तेव्हापासून त्या आजी त्याला जिन्यात थांबवून बोलू लागल्या. त्यांची श्वाबियन बोली त्याला निम्मी कळते. पुण्याच्या वर्गात शिकलेली जर्मन अशी कोणी बोलत नव्हतं.

कचऱ्याला चार-पाच वाटा: कागद, सेंद्रिय, वेष्टनं, उरलेलं, आणि काच रंगानुसार रस्त्यावरच्या मोठ्या डब्यांत. काच टाकायलाही वेळ पाळायची, रविवारी नाही. प्लास्टिकच्या पाण्याच्या बाटलीवर २५ सेंट अनामत असते. बाटली दुकानातल्या यंत्रात घातली की पावती मिळते. मुलं हे पहिल्या दिवशी शिकतात. चार बाटल्यांत एक युरो, आणि एक युरो म्हणजे शंभर रुपये, हा गुणाकार पहिले काही महिने डोक्यातून जात नाही.

रविवारी दुकानं बंद. पहिला रविवार उपाशी जातो असं म्हणायची पद्धत आहे; खरं तर स्टेशनवरची दुकानं आणि काही बेकऱ्या उघड्या असतात, तिथे महाग पाव मिळतो. रात्री दहानंतर शांतता. मिक्सर लावायचा नाही, खुर्ची ओढायची नाही. वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात धूर ओळखणारं यंत्र छताला असतं. मोहरी-हिंगाची कडक फोडणी त्याला आगच वाटते. घंटा वाजते, सगळी इमारत खाली उतरते, आणि कढई हातात घेतलेला एकजण सर्वांत शेवटी येतो. अग्निशमन दल आलं तर त्याचं बिल येऊ शकतं, म्हणून दरवर्षीच्या नव्या तुकडीला मिळणारी पहिली सूचना असते: खिडकी उघड, मग फोडणी कर. थंडीत खिडकी उघडायची आणखी एक शिस्त आहे. दिवसातून दोन-तीनदा हीटर बंद करून पाच-दहा मिनिटं सताड उघडायची, नाहीतर भिंतींना बुरशी येते आणि अनामतीतून पैसे कापले जातात.

शहरगाड्यांच्या स्टेशनांवर अडवणारं फाटक नाही. कोणीही चढू शकतो. साध्या कपड्यांतला तपासनीस मधेच कार्ड दाखवतो आणि तिकीट नसेल तर ६० युरो. मुंबईच्या लोकलमधून आलेल्या मुलाला टीसी ओळखता येतो, इथला येत नाही. मुख्य स्टेशनवर २०१० पासून ‘स्टुटगार्ट २१’ या प्रकल्पाचं काम चालू आहे. फलाटापर्यंत जायची वाट पत्र्यांच्या कुंपणांमधून वळत जाते. त्यामुळे पहिल्या महिन्यात गाड्या चुकतात त्या बहुधा चालण्यातच.

वर्गात

स्टुटगार्ट विद्यापीठाची स्थापना १८२९ ची. अभियांत्रिकीचा मोठा भाग शहराबाहेर फाइहिंगेनच्या पठारावर आहे. दरीतून गाडी लांब बोगद्यात शिरते आणि भुयारातल्या ‘उनिवेर्सिटेट’ स्टेशनवर थांबते. इन्फोटेक, कॉमास, वेस्ट अशा इंग्रजी अभ्यासक्रमांमध्ये भारतीय मुलांची संख्या डोळ्यांत भरते. काही वर्गांत बसलं की आपण परदेशात आहोत हे प्राध्यापकांकडे बघूनच आठवतं, असं मुलं सांगतात.

सत्र १ ऑक्टोबरला सुरू होतं, तासिका महिन्याच्या मध्यावर. दहाचा तास सव्वादहाला सुरू होतो, हा विद्यापीठांचा जुना ‘शैक्षणिक पाव तास’. तास संपला की मुलं टाळ्या वाजवत नाहीत, बोटांच्या पेरांनी बाकं ठोकतात. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला वाटतं, सरांवर सगळे चिडले.

हजेरी घेतली जात नाही. सत्राच्या मध्ये परीक्षा नाहीत, गृहपाठाची सक्ती बहुतेक ठिकाणी नाही. सगळं माप शेवटच्या एका परीक्षेत, आणि त्या परीक्षेला बसायचं तर ठरलेल्या मुदतीत पोर्टलवर आपण होऊन नाव नोंदवायचं. मुदत चुकली तर सत्र गेलं. ठरावीक प्रयत्नांत एखादा सक्तीचा विषय सुटला नाही तर तो अभ्यासक्रमच सोडावा लागतो. आपल्याकडच्या ‘एटीकेटी’च्या सवयीला हे फार उशिरा उमगतं. पहिले आठवडे खोलीच्या आणि टेर्मीनच्या मागे धावण्यात जातात, तास बुडतात, कोणी विचारत नाही. कोणी विचारत नाही, याचा अर्थ चालतंय असा मुलं घेतात. फेब्रुवारीत त्याचा निकाल लागतो.

गुणांची पट्टीही उलटी. एक सर्वोत्तम, चार काठावर पास, पाच नापास. १.३ मिळाल्याचं आनंदाने कळवलं की नगरला वडील क्षणभर गप्प होतात.

कामाचा प्रश्न पहिल्याच आठवड्यात उभा राहतो. मार्च २०२४ पासून परदेशी विद्यार्थ्यांना वर्षाला १४० पूर्ण किंवा २८० अर्धे दिवस काम करता येतं. २०२५ मध्ये किमान वेतन तासाला १२ युरो ८२ सेंट होतं. विद्यापीठातच संशोधन साहाय्यकाचं काम मिळालं, ज्याला इथे ‘हिवी’ म्हणतात, तर उत्तम. बाकीचे गोदामात, उपाहारगृहात, घरपोच जेवण पोचवण्यात. घरी मात्र सुरुवातीला ‘लॅबमध्ये आहे’ एवढंच सांगितलं जातं.

फोनवर

जर्मनीला जाणं महाराष्ट्राला नवं नाही. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२१ मध्ये बॉन विद्यापीठात नाव नोंदवलं होतं. इरावती कर्वे १९२८ मध्ये बर्लिनला गेल्या. सासरे महर्षी कर्वे यांचा विरोध होता. जीवराज मेहतांकडून कर्ज घेऊन त्या निघाल्या. ओयगेन फिशर या वंशशास्त्रज्ञाच्या हाताखाली त्यांनी कवट्यांचा अभ्यास केला आणि गोऱ्या वंशाच्या श्रेष्ठत्वाचा त्याचा सिद्धांत मोजमापांत टिकत नाही असा निष्कर्ष प्रबंधात मांडला. त्या काळी घरचं पत्र बोटीने यायला आठवडे लागत. कर्ज काढून जाणं तेव्हाही होतं, आजही आहे. आजचा मोठा फरक म्हणजे घर खिशात असतं.

भारतातली वेळ उन्हाळ्यात साडेतीन तास पुढे, ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं मागे गेली की साडेचार तास. संध्याकाळी सहाला इथे मूल मोकळं होतं, तेव्हा तिकडे जेवणं आटोपून आई फोनची वाट पाहत असते. व्हिडिओ कॉलला खोलीचा एक कोपरा ठरलेला असतो, तेवढाच आवरलेला. जमिनीवरची गादी चौकटीबाहेर. जेवलास का, हो. थंडी आहे का, फार नाही. खोली मिळाली का, मिळेल. आईवडिलांनी घर किंवा जमीन तारण ठेवलेली असते. त्यांना आणखी काळजी नको, या प्रेमापोटी मुलं खोटं बोलतात. तिकडे आईवडीलही डॉक्टरकडे जाऊन आल्याचं सांगत नाहीत, त्याचंही कारण तेच. दोन्ही बाजूंना खरं सांगायला तिसरंच माणूस शोधावं लागतं.

दिवाळी नेमकी याच आठवड्यांत येते. २०२५ मध्ये लक्ष्मीपूजन २१ ऑक्टोबरला होतं, तासिका नुकत्याच सुरू झालेल्या. सुटी नसते. वसतिगृहात मेणबत्त्या लावायला मनाई असते, म्हणून बॅटरीचे दिवे. शहरातल्या मराठी कुटुंबांच्या घरी किंवा भाड्याच्या सभागृहात एखाद्या शनिवारी फराळ होतो. तिथे नवीन मुलं चकलीसाठी येतात आणि खोलीसाठी थांबतात. मोठ्या वयाच्या एका काकूंनी सांगितलं, हल्ली फराळाला बोलावलं की चिवड्याआधी आनमेल्डुंगचा विषय निघतो.

नोव्हेंबर मुलांना सर्वांत जड जातो. घड्याळ मागे गेलं की पाचच्या सुमारास काळोख पडतो, डिसेंबरात साडेचारला. नवलाई ओसरलेली, पाऊस बारीक, वर्गमित्रांचे गट ठरलेले. लातूरच्या त्या घरातला मुलगा म्हणाला होता की गावाकडे एकटं राहायला मुद्दाम शेतात जावं लागायचं, इथे दार लावलं की झालं. विद्यार्थी सेवा संस्थांकडे मोफत मानसिक समुपदेशन असतं, इंग्रजीतही. मुलांना ते माहीत असतं. जाणारे थोडे. समुपदेशकाकडे जाणं म्हणजे आपण हरलो असं घरून घेऊन आलेलं मन सांगतं.

दादा, ताई

मग ही मुलं तरतात कशावर? विद्यापीठाचं परदेशी विद्यार्थी कार्यालय आहे, स्वागत सप्ताह आहे, जोडीदार विद्यार्थी योजना आहे. त्यांचा उपयोग होतो. पण प्रत्यक्ष कामाला येतात ते वर्षभर आधी आलेले. ‘दादा, सही कोणाची घ्यायची?’, ‘ताई, हे पत्र काय म्हणतंय?’ असे निरोप रात्री बारापर्यंत व्हॉट्सअ‍ॅप गटावर चालतात. ओळख नसते, गावही एक नसतं, फक्त मराठीत विचारलेलं असतं. कोणी स्टेशनवर घ्यायला जातं, कोणी ब्युर्गरब्युरोत, म्हणजे नोंदणीच्या कार्यालयात, टेबलाशी शेजारी बसतं, कोणी घरमालकाशी जर्मनमध्ये बोलतं. या कामाला पगार नाही, पाटी नाही. ज्यांना कोणी नेलं नाही, तेच पुढच्यांना जास्त उत्साहाने न्यायला जातात, असं दोन-तीन जणांशी बोलताना जाणवलं.

या आधारालाही मर्यादा आहे. दादालाही परीक्षा असतात. एका तुकडीला सांभाळणारे दहा-बारा जण असतात आणि तुकडी दरवर्षी मोठी होते. ऐकीव सल्लेही फिरतात. नियम बदललेला असतो आणि गटावर गेल्या वर्षीचंच उत्तर पुढे येतं. शिवाय सगळा दिवस मराठीत निघाला की जर्मन सुधारत नाही, आणि जर्मनशिवाय वेगे मिळत नाही, पुढे नोकरीही अवघड. दोन सत्रं शहरात राहूनही बेकरीत बोट दाखवून पाव घेणारी मुलं मला भेटली. त्यांना आधार भरपूर मिळाला होता.

पुणे, नाशिक, संभाजीनगरच्या सल्लागार संस्था प्रवेश मिळवून देतात, बंद खातं उघडून देतात, व्हिसाच्या रांगेत सोबत येतात. विमान सुटलं की त्यांचं काम संपतं. फी घेतलेल्या माणसाने सोडलेलं काम फी न घेणारा विद्यार्थी पुढे उचलतो. सरकारी कराराखाली माणसं पाठवायची असतील तर हाच प्रश्न तिथेही येणार आहे. कुशल माणसाला घर कोण शोधून देणार, नोंदणीच्या टेबलाशी त्याच्याबरोबर कोण बसणार, याचं उत्तर करारातच असायला हवं.

घरच्यांना करता येण्यासारख्या गोष्टी फार नाहीत, पण आहेत. जर्मन भाषा ए-वन पातळीपाशी न सोडता बी-वनपर्यंत नेणं. त्याने खोलीची मुलाखतही जमते आणि आजींचं बोलणंही. बंद खात्याबाहेर दोन महिन्यांचा खर्च वेगळा ठेवणं. वसतिगृहाच्या यादीत नाव प्रवेशाच्या निकालाआधी लावणं. तासिका सुरू होण्याच्या तीन आठवडे आधी पोचणं, म्हणजे धावपळीत तास बुडणार नाहीत. आणि फोनवर ‘सगळं ठीक’ ऐकल्यावर आणखी एक प्रश्न विचारणं, ज्याचं उत्तर हो-नाहीत देता येत नाही.

प्रवेश मिळाल्याचे पेढे वाटताना नातेवाईक विचारतात, कोणतं विद्यापीठ, किती पॅकेज. त्यांना जे विचारायचं ते विचारू द्या. आईवडिलांनी मुलाला विचारायचं ते असं: पहिल्या रात्री कुठे झोपणार आहेस, त्या घराच्या पत्त्यावर तुझं नाव नोंदवता येणार आहे का, आणि मालकाने तसं लिहून दिलंय का? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर हाती येईपर्यंत बाकीची तयारी पुरी झाली असं धरू नये.